पोरी कॉलेजात निघाल्या: शरीराच्या शिक्षणाचा इतिहास



आजच्या भागात आम्ही एका शिक्षणाचा इतिहास सांगणार आहोत. हे शिक्षण आपल्यापैकी बहुतेकींना शाळेत मिळालं नाही आणि घरातही मिळालं नाही. ते आहे शरीराचं शिक्षण. पाळी का येते, गर्भ कसा राहतो आणि कसा टाळता येतो, अंगावरून पांढरं जातं तेव्हा डॉक्टरकडे कधी जायचं, कुणी नको तिथे हात लावला तर काय म्हणायचं, हे सगळं त्यात येतं.

बारावीचा निकाल लागला की आपल्या गावांतल्या पोरी नागपूरची वाट धरतात. कुणी नर्सिंगला जाते, कुणी बी.ए.ला, कुणी वर्धा रोडवर मिहानमध्ये नोकरी शोधते. आपण तिची बॅग भरताना चिवडा, चादर, आधार कार्ड, पासबुक, सगळं आठवणीनं देतो. शरीराबद्दल मात्र एकच वाक्य देतो, "नीट राहा." त्या दोन शब्दांत आपल्याला काय काय म्हणायचं असतं ते आपल्याला कळतं, पण पोरीला त्यातलं किती कळतं?

मिहान हा शब्द आता आपल्या तोंडी बसला आहे. नागपूर विमानतळाला लागून मालवाहतुकीचं केंद्र आणि उद्योगांची वसाहत उभी करायची ही योजना. तिच्यासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, शिवणगाव या बाजूच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. तिथे आज कंपन्या आहेत, आयआयएम आहे आणि एम्स हे केंद्र सरकारचं मोठं रुग्णालयही आहे. एम्सची मिहानमधली ओपीडी २०१९ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी सीताबर्डीहून खापरीपर्यंत मेट्रो धावू लागली. डिसेंबर २०२२ मध्ये रुग्णालयाचं लोकार्पण झालं.

म्हणजे डॉक्टर जवळ आले. पण डॉक्टरसमोर बसून पोरीनं सांगायचं काय आणि कोणत्या शब्दांत? ते शब्द मिळवायला आपल्या महाराष्ट्राला शंभराहून जास्त वर्षं लागली. ते मिळवताना कुणाची नोकरी गेली, तर कुणाला कोर्टाची पायरी चढावी लागली.

"मी जाणार नाही"

सुरुवात एका मुलीच्या नकारापासून करू. मुंबईच्या रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी झालं. ती माहेरीच राहिली, शिकली. नवऱ्यानं १८८४ मध्ये कोर्टात दावा लावला की बायको नांदायला पाठवा. रखमाबाईचं म्हणणं असं, की हे लग्न माझ्या समजुतीच्या वयात झालेलं नाही, ते मला मान्य नाही. मार्च १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, महिनाभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिनं तुरुंगाची तयारी दाखवली. सगळ्या देशात गाजावाजा झाला. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि ती सुटली. पुढे ती विलायतेत जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत, राजकोट इथे बायकांच्या रुग्णालयांत तिनं आयुष्यभर काम केलं.

त्याच सुमारास बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीत मेली. त्यानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. त्यानं मुलीशी संबंधाचं किमान वय दहावरून बारा केलं. हो, बारा! आणि तेवढ्यालाही आपल्याकडे मोठमोठ्या माणसांनी विरोध केला. धर्मात ढवळाढवळ नको, घरातली गोष्ट घरात राहू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

"घरातली गोष्ट घरात" हे वाक्य लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक वळणावर ते आपल्याला भेटणार आहे.

गणिताचा मास्तर आणि त्याचं मासिक

महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याला माहीत आहेत. विधवांसाठी, मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव हे मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवत. बायका बाळंतपणानं खंगतात, एकामागून एक मुलं होतात, गुप्तरोग लपवले जातात, हे त्यांना बघवत नव्हतं. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी असंच केंद्र काढलं तेही १९२१ मध्येच. म्हणजे या कामात मुंबई लंडनच्या मागे नव्हती.

नोकरीवर गदा आली. कॉलेजला हे काम पसंत नव्हतं आणि कर्वे काम सोडायला तयार नव्हते. नोकरी सुटली. पण जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, ते चालवलं. त्यात वाचक प्रश्न विचारत आणि कर्वे उत्तर देत. जे प्रश्न आईला विचारता येत नव्हते, वैद्याला विचारायची लाज वाटत होती, ते पोस्टकार्डावर लिहून येत.

मासिकातल्या मजकुरावरून खटले झाले. १९३१ मध्ये अश्लीलतेच्या आरोपाखाली पहिला दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा पकडलं. या वेळी त्यांचे वकील म्हणून उभे राहिले डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांचा मुद्दा साधा होता. लोक लैंगिक प्रश्न विचारतात, तर त्यांना शास्त्राला धरून उत्तर देणं हा गुन्हा कसा? उत्तर दिलं नाही तर अज्ञान कसं जाणार? खटला हरला, कर्व्यांना दंड भरावा लागला. मासिक मात्र बंद पडलं नाही.

या गोष्टीत एक बाई आहे, तिचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मालतीबाई कर्वे. कर्व्यांच्या पत्नी. दोघांनी विचार करून मूल होऊ दिलं नाही आणि त्यासाठी शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतः करून घेतली. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, बायांनो. मासिक तोट्यात चालायचं, लोक नावं ठेवायचे. त्या सगळ्यात घर धरून ठेवणारी बाई तीच. अमोल पालेकरांनी या दोघांवर 'ध्यासपर्व' नावाचा चित्रपट काढला आहे. गटाच्या बैठकीत एकदा लावून बघण्यासारखा आहे.

त्यांचं काम पुढे नेणारीही एक बाईच होती. शकुंतला परांजपे. केंब्रिजला शिकलेली, रघुनाथरावांच्या नात्यातली. तिनं पुण्यात सल्ला केंद्र चालवलं, लोकांची बोलणी खाल्ली, खेड्यांत जाऊन बायकांशी उघड बोलली. १९५८ ते १९६४ ती महाराष्ट्राच्या विधान परिषदेत होती, नंतर राज्यसभेतही गेली. विधिमंडळात उभं राहून संततिनियमनावर बोलणारी बाई तेव्हा लोकांना पचत नव्हती. १९९१ मध्ये सरकारनं तिला पद्मभूषण दिलं.

नागपूर, २० जुलै १९४२

तुम्ही म्हणाल, हे सगळं मुंबई-पुण्याचं झालं, आपल्या विदर्भात काय होतं?

आपल्या नागपुरात जुलै १९४२ मध्ये दलितांची मोठी अखिल भारतीय परिषद भरली. तिचा एक दिवस बायकांचा होता, २० जुलै. हजारो बाया आल्या. त्यांतल्या कितीतरी शेतमजूर, गिरणीत, विडीच्या कारखान्यात राबणाऱ्या. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या व्यासपीठावरून त्यांनी संततिनियमनाचा विषय काढला. घटस्फोटाचा हक्क, एकापेक्षा जास्त बायका करण्यावर बंदी, कामगार बायकांना रजा, असे ठराव त्या दिवशी झाले.

चार वर्षं आधी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला होता. बाबासाहेबांच्या पक्षाचे आमदार रोहम यांनी तो मांडला, भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. तो पडला. शिकलेल्या पुरुषांच्या सभेत जे मान्य झालं नाही, त्यावर नागपुरात राबणाऱ्या बायांच्या सभेत उघड बोलणं झालं.

बाबासाहेबही त्या सभेत बोलले. मुलामुलींना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, फार मुलं होऊ देऊ नका, असं त्यांनी सांगितलं. आणि जी मुलगी लग्न करेल तिनं नवऱ्याची दासी होऊ नये, बरोबरीची मैत्रीण म्हणून उभं राहावं, असंही सांगितलं. आज कॉलेजात संमती, बरोबरी असे शब्द शिकवले जातात. त्यामागचा विचार नागपूरच्या मांडवात तेव्हाच बोलला गेला होता.

या बायांची नावं पुढे बरीच वर्षं कुणी घेतली नाहीत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या झालेल्या बायांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक लिहिलं, तेव्हा ती नावं परत पुढे आली.

लाल त्रिकोणाचे दिवस

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये सरकारनं कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. दवाखान्याच्या भिंतीवर लाल त्रिकोण आला. १९६८ मध्ये स्वस्तातला 'निरोध' आला. १९७१ मध्ये गर्भपाताचा कायदा आला आणि चोरून, काड्या घालून, विषारी पाले खाऊन मरणाऱ्या बायांना सरकारी दवाखान्याचा रस्ता खुला झाला. ही मोठी गोष्ट होती.

पण या काळात सरकारला बाईच्या शरीराशी एकच काम उरलं होतं, मुलं किती हे मोजण्याचं. आणीबाणीत तर कहर झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या आणि कितीतरी जबरदस्तीनं. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. लोक चिडले, सरकार पडलं. त्यानंतर पुरुषांना हात लावायला कुणी धजेना आणि सगळं ओझं बायकांवर आलं. ते अजून तसंच आहे. महाराष्ट्रात लग्न झालेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्यांचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि नसबंदी केलेले नवरे शंभरात एकाहूनही कमी आहेत. रघुनाथराव कर्वे शंभर वर्षांपूर्वी जे करून बसले, ते आपले घरधनी आजही करत नाहीत.

या सगळ्या धामधुमीत दोन गोष्टी कुणी विचारल्याच नाहीत. एक, बाईला दुखतंय काय? आणि दुसरी, लग्न न झालेल्या पोरीला काय माहीत असायला हवं?

गडचिरोलीत बायांना विचारलं

पहिला प्रश्न विचारला तो आपल्याच विदर्भात. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या, नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या आणि त्यांचे पती अभय बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परत आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली.

वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी १३ वर्षांच्या पुढच्या ६५० बायांची तपासणी केली. ज्यांना तक्रार होती त्यांची केलीच, ज्यांना काही तक्रार नव्हती त्यांचीही केली. निष्कर्ष असा निघाला की १०० पैकी ९२ बायांना अंगाचा एखादा तरी आजार होता. एकेकीला सरासरी तीनाहून जास्त. त्यांतले निम्मे आजार जंतुसंसर्गाचे, म्हणजे औषधानं बरे होणारे. आणि याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बाया किती? १०० पैकी ८.

विचार करा, मैत्रिणींनो. अंगावरून पांढरं जातं, कंबर मोडून येते, लघवीला आग होते, आणि बाई म्हणते, "बाईच्या जन्माला आलं की हे चालायचंच." तिची आई तसंच म्हणायची. ९२ जणींना आजार होता आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपल्या एकटीलाच आहे, म्हणून कुणी कुणाला सांगत नव्हतं.

जानेवारी १९८९ मध्ये हा अभ्यास लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला आणि जगभर गाजला. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि ऑपरेशन, एवढंच धरलं जात होतं. पाच वर्षांनी, १९९४ मध्ये कैरोला लोकसंख्येची जागतिक परिषद झाली. तिथे देशांनी मान्य केलं की नुसती मुलं मोजून भागणार नाही, बाईच्या प्रजनन आरोग्याची आणि तिच्या हक्काची जबाबदारी सरकारांनी घ्यायला हवी. वसा आणि अमिर्झाच्या बायांनी लाज बाजूला ठेवून तपासणी करून घेतली, त्याचाही या बदलात वाटा आहे.

राणीताईंनी सुईणींकडून, गावातल्या बायांकडून त्यांचे शब्द शिकून घेतले. आजाराला, अवयवाला, पाळीला गावात काय म्हणतात ते ऐकलं. बायांनी मन मोकळं करून सांगितलेल्या कहाण्या त्यांच्या 'कानोसा' या पुस्तकात आहेत. त्या ऐकता ऐकता दुसरा प्रश्न आपोआप पुढे आला. बायांचं दुखणं सुरू होतं ते वयात येताना, आणि नेमकं तेव्हाच त्यांच्याशी कुणी बोलत नाही. म्हणून त्यांनी शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' नावाची शिबिरं सुरू केली. शरीर, पाळी, आकर्षण, प्रेम, गर्भ, गुप्तरोग, एड्स, व्यसन, जोडीदाराची निवड, अशा सगळ्या विषयांवर त्यात मोकळेपणानं आणि शास्त्राला धरून बोलतात. मुलगेही असतात. हे महत्त्वाचं आहे, कारण पोरीला शहाणं करून पोराला अडाणी ठेवलं तर अर्धंच काम होतं.

शाळेचं दार उघडलं आणि बंद झालं

मधल्या काळात एड्सची साथ आली होती. सरकारला कळलं की तरुणांशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. कॉलेजांत रेड रिबन क्लब निघाले. २००५ च्या सुमारास शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणि त्याची पुस्तकं आली. २००७ मध्ये त्यांतल्या चित्रांवरून आणि मजकुरावरून आपल्या विधिमंडळात गदारोळ झाला, वेगवेगळ्या पक्षांचे आमदार एका सुरात बोलले आणि महाराष्ट्रात तो कार्यक्रम थांबवला गेला. इतर काही राज्यांतही तसंच घडलं.

पुस्तकात चुका असतील, चित्रं बदलता आली असती. पण पुस्तक गेलं आणि त्याच्या जागी काही वर्षांत मोबाइल आला. आता पोराच्या हातातल्या मोबाइलवर जे दिसतं ते कोणत्याही पुस्तकापेक्षा वाईट आहे. त्यात बाईची मर्जी कुणी विचारत नाही. पोरं तेच खरं समजतात. बोलायचं की नाही हे ठरवणं आता आपल्या हातात राहिलेलं नाही. कुणाकडून शिकतील एवढंच अजून आपल्या हातात आहे.

आपल्या गटांत एक भीती नेहमी बोलून दाखवली जाते, आणि ती खोटी नाही. "सांगितलं तर पोरी बिघडतील ना?" आईची ही काळजी आम्हाला समजते. गावात एखाद्या पोरीचं नाव झालं तर सगळ्या पोरींची शाळा बंद होते, हे आपण पाहिलं आहे. पण या प्रश्नाचा जगभर अभ्यास झालेला आहे. युनेस्कोनं २०१८ मध्ये आपली मार्गदर्शिका सुधारून काढली, त्यात अनेक देशांतल्या अभ्यासांचा आढावा आहे. त्यात असं दिसतं की माहिती मिळाल्यानं मुलं लवकर संबंध ठेवू लागत नाहीत. उलट काही ठिकाणी ती थांबतात, आणि पुढे जेव्हा संबंध येतात तेव्हा काळजी घेतात.

आणि न सांगण्याची किंमतही डोळ्यांसमोर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या १०० पैकी जवळपास २२ मुलींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. या मुलींना लग्नाच्या रात्रीपर्यंत कुणी काही सांगत नाही. म्हणजे गप्प राहिल्यानं पोर या गोष्टींपासून दूर राहिली असं झालं नाही. ती तिथे अजाण पोहोचली.

आजचा हक्क, आजची सोय

इतिहासानं आपल्याला काय मिळवून दिलं, ते आता मोजून घेऊ. पोरीला पाठवण्याआधी एवढं आपल्याला माहीत हवं.

१८९१ मध्ये बारा असलेलं वय आज अठरा आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं अठराखालच्या मुलीशी किंवा मुलाशी संबंध हा गुन्हा आहे, त्यात तिची मर्जी होती असं सांगून सुटता येत नाही. अठरानंतरही तिची मर्जी लागतेच. एकदा हो म्हटलं म्हणजे कायमचं हो नाही, आणि गप्प बसली म्हणजे हो असंही नाही.

गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये सुधारला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत करता येतो. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही लागते, नवऱ्याची नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लग्न झालेली आणि न झालेली असा फरक या कायद्यात करता येणार नाही. पोरगी अठराच्या आतली असेल तर पालकांची सही लागते. म्हणून आईला विश्वासात घेता येणं हे तिच्या जिवाचं राखण आहे. घाबरून कुणाकडून गोळ्या आणून घेतल्या तर जिवावर बेतू शकतं.

सरकारनं २०१४ मध्ये १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत त्यासाठी 'मैत्री क्लिनिक' आहेत. तिथे पाळीपासून मनाच्या घालमेलीपर्यंत काहीही विचारता येतं. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि नाव गुप्त ठेवतात. त्याची माहिती १०९७ या क्रमांकावर मिळते. संकटात बाईला १८१, अठराखालच्या मुलांना १०९८. हे तीन क्रमांक पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून द्या. मोबाइलची बॅटरी संपते, वही सोबत राहते.

आणि शरीराचे शब्द द्या. "तिथलं दुखतं" असं सांगितलं तर डॉक्टरला कळत नाही. पाळी, योनी, गर्भाशय, स्तन हे हात, पाय, डोकं यांच्यासारखेच शब्द आहेत. पांढरं पाणी थोडंफार जाणं सगळ्यांनाच होतं. त्याला घाण वास आला, रंग बदलला, खाज किंवा आग झाली तर मात्र डॉक्टरकडे जायचं. पाळीत इतकं दुखलं की कॉलेज बुडतं, तर तेही सोसत बसायचं नाही.

गटासाठी काम

कर्व्यांच्या मासिकात लोक पोस्टकार्डावर प्रश्न पाठवत. तीच युक्ती आजही चालते. पुढच्या बैठकीत एक रिकामा डबा ठेवा. ज्यांच्या पोरी दहावीच्या पुढे आहेत त्यांनी पोरींनाही बोलवा. प्रत्येकीनं एक प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, नाव लिहायचं नाही. जिला लिहिता येत नाही तिनं शेजारणीकडून लिहून घ्यायचा. गावच्या आशाताईंना आणि उपकेंद्राच्या नर्सताईंना बोलवा आणि एकेक चिठ्ठी वाचून उत्तर घ्या. जे त्यांना सांगता येणार नाही ते लिहून ठेवा, मैत्री क्लिनिकमध्ये विचारून पुढच्या महिन्यात सांगा. अशीच एक बैठक पोरांची भरवायला आपापल्या घरच्या पुरुषांना सांगा. ते टाळतील. तरी सांगा.

चिठ्ठ्यांमधले प्रश्न आमच्याकडे पाठवले तर त्यांवर पुढचा एक पूर्ण भाग करू. डॉक्टरांना सोबत घेऊन करू, नावं कुणाचीच घेणार नाही.

येतो आम्ही. काळजी घ्या. नमस्कार.